रस्त्याची वहिवाट

जमिनींच्या आणि वाटांच्या तंट्यांत 'वहिवाट' या शब्दाला केवढे वजन आहे, हे कचेरीची पायरी चढल्यावाचून सहसा कळत नाही. ज्याच्यापाशी सनद नाही, खरेदीखत नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, अशा मनुष्यालाही, आपले वाडवडील याच बांधावरून ये-जा करीत आले एवढ्या एका आधारावर मामलेदारापुढे उभे राहून दाद मागता येते. कारण दीर्घकाळच्या निर्वेध वापरातूनही हक्क उत्पन्न होतो, ही गोष्ट आपल्या लोकव्यवहाराने आणि कायद्याने सारखीच मान्य केली आहे. रस्ता ही तर सार्वजनिक वहिवाटीची सर्वांत जुनी मिळकत. मोटार अवतरण्यापूर्वी कित्येक शतके तो पायी चालणाराचा, डोक्यावर भारा घेऊन बाजारास निघालेल्या बाईचा, भर वाटेत रवंथ करीत बसलेल्या गाईचा, आणि सकाळ-संध्याकाळ तेथे विटीदांडू नि लगोऱ्या मांडणाऱ्या पोरांचा होता. गाडीवानाने हाळी द्यावी, पोरांनी कुरकुरत बाजूस व्हावे, गाडी गेली की डाव पुन्हा मांडावा, असा तो उभयपक्षी मान्य झालेला व्यवहार होता.

ही वहिवाट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोडली. ती मोडताना कोणत्याही सरकारने जाहीरनामा काढला नाही की हरकती मागवल्या नाहीत. मुलांना मात्र त्याची नोटीस शाळेच्या फळ्यावरून बजावण्यात आली. 'रस्ता कसा ओलांडावा' हा जो निरुपद्रवी दिसणारा धडा आज जगभर शिकवला जातो, तो माझ्या मते त्या नोटिशीचाच मसुदा होय. या धड्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात मुलांविषयीची खरीखुरी कळकळ व मोठ्यांची सोय या दोन गोष्टी अशा काही एकमेकींत मिसळल्या आहेत, की त्या निवडून वेगळ्या काढणे हेच इतिहासकाराचे काम ठरावे. हा इतिहास मी मुख्यतः इंग्लंडच्या संदर्भात सांगणार आहे. तेथे त्याचा टप्प्याटप्प्याने दाखला राहिला आहे हे एक कारण. आणि आपली डाव्या बाजूने वाहने हाकण्याची रीत व तिच्याचमुळे ठरलेला 'आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे' हा पाहण्याचा क्रम आपल्याकडे त्याच राजवटीबरोबर आला, हे दुसरे.

आरंभ एका मृत्यूपासून करावा लागतो. १७ ऑगस्ट १८९६ रोजी दक्षिण लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची बाई आपल्या मुलीसह एका उत्सवाला चालली होती, आणि त्याच आवारात एक कंपनी लोकांना मोटारीची चव दाखवण्यासाठी फेऱ्या मारीत होती. समोरून येणारे ते यंत्र पाहून ती गोंधळली, जागच्या जागी थबकली आणि गाडीखाली सापडली. गाडी ताशी चार मैलांहून अधिक वेगाने जात नव्हती असे चालकाने सांगितले. तिचा वेग पुष्कळच अधिक होता असे पाहणारांचे म्हणणे पडले. कॉरोनरच्या चौकशीत — हा शब्द मुंबईकरांना अपरिचित नाही, कारण आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणारी अशी कोर्टे मुंबईतही पुष्कळ वर्षे चालत होती — ज्यूरीने अपघाती मृत्यूचा निर्णय दिला, आणि असा प्रकार पुन्हा कधी न घडो अशी इच्छा कॉरोनरने व्यक्त केली. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेने झालेला पायी चालणाराचा हा पहिला मृत्यू म्हणून नोंदला गेला आहे.

या चौकशीची शाई वाळते न वाळते तोच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या कायद्याने वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवर नेली. त्यापूर्वीची स्थिती आज विनोदी वाटते, पण ती समजून घेण्याजोगी आहे. १८६५च्या कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक वाहनास गावाबाहेर ताशी चार आणि गावात ताशी दोन मैलांची मर्यादा घातली होती, आणि त्याच्यापुढे साठ यार्डांवर एक मनुष्य तांबडे निशाण घेऊन चालला पाहिजे असा हुकूम होता. या कायद्यामागे घोडागाडीवाल्यांचा मत्सर असेल, आगगाडीवाल्यांचे राजकारणही असेल; परंतु धोका निर्माण करणाराने धोक्याची वर्दी स्वखर्चाने पुढे धाडावी, हे एक स्वच्छ तत्त्वही त्यात होते. पुढील चाळीस वर्षांत हे निशाण मोटारीपुढच्या मनुष्याच्या हातातून सुटून हळूहळू शाळकरी पोराच्या हातात आले. धोका दुसऱ्याने निर्माण करावा आणि सावधगिरी याने बाळगावी, अशी कामाची वाटणी झाली.

ही वाटणी झाली तरी कशी, याचे उत्तर अमेरिकेत अधिक स्पष्ट सापडते. पहिल्या महायुद्धानंतर तेथील शहरांतून मोटारींखाली मरणाऱ्या मुलांची संख्या इतकी वाढली, की बाल्टिमोर शहरात १९२२ साली, आदल्या वर्षी अपघातांत गेलेल्या १३० मुलांसाठी, युद्धात पडलेल्या शिपायांसाठी उभारतात तसा स्मारकस्तंभ उभारण्यात आला. त्या वेळी लोकमत चालणाराच्या बाजूचे होते. रस्त्यावर मूल मेले तर दोष मोटारवाल्याचा, ही सर्वसामान्य समजूत होती. ही समजूत दशकभरात पालटली. रस्ता मनास येईल तेथून ओलांडणारास 'जेवॉकर' म्हणू लागले. या शब्दातील 'जे'चा अर्थ गावंढळ, अडाणी, शहराची रीत न कळणारा असा आहे. म्हणजे शतकानुशतकांच्या वहिवाटदारालाच एका शब्दाने उपरा ठरवले गेले. याच सुमारास रस्त्यावरील सुरक्षितता हा शाळेचा विषय झाला. सेंट लुईस येथील ई. जॉर्ज पेन या शिक्षणशास्त्रज्ञाने १९१९च्या आसपास तो गणितात, निबंधात, चित्रकलेत गुंफून शिकवण्याची पद्धत मांडली. १९२०मध्ये शिकागोच्या मोटार क्लबचे चार्ल्स हेज यांनी शाळेतल्याच मोठ्या मुलांची पथके नेमून त्यांच्याकडे लहान मुलांना रस्ता ओलांडून देण्याचे काम सोपवले, आणि ही प्रथा लवकरच देशभर पसरली. या पथकांनी पुष्कळ जीव वाचवले यात शंका नाही. परंतु मुलांच्या छातीवर झळकणारे पांढरे पट्टे आणि बिल्ले मोटारवाल्यांच्या संघांनीच पुरवलेले होते, हेही विसरून चालणार नाही. ज्यांच्यापासून रक्षण करावयाचे त्यांनीच रक्षकांच्या गणवेशाचा खर्च सोसावा, यात औदार्य किती आणि व्यवहार किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

इंग्लंडात गोष्टी अंमळ संथपणे घडल्या. १९३०च्या कायद्याने मोटारींवरील ताशी २० मैलांची मर्यादा समूळ काढून टाकली; पुढल्याच वर्षी रस्त्यावरील वर्तनाची नियमपुस्तिका एक पेनी किमतीला विक्रीस आली; आणि १९३४ साली मृतांचा आकडा ७,३४३ वर आणि जखमींचा २,३१,६०३ वर गेला. मर्यादा काढून सद्वर्तनावर भिस्त ठेवण्याचा हा प्रयोग काय किमतीस पडला, ते या आकड्यांवरून उघड दिसते. त्या वर्षी वाहतूकमंत्री झालेल्या लेस्ली होर-बेलिशा यांना लंडनच्या कॅम्डन हाय स्ट्रीटवर रस्ता ओलांडताना एका मोटारीने जवळजवळ चिरडलेच होते. मंत्र्याच्या अंगावर गाडी येणे हे कायदा सुधारण्याचे उत्तम साधन असते, याचा प्रत्यय तेथील जनतेला आला. वस्तीतून ताशी ३० मैलांची मर्यादा, चालकाची परीक्षा, आणि चालणारांसाठी राखलेली ओलांडणीची जागा या तिन्ही गोष्टी लागोपाठ आल्या. ओलांडणीच्या दोन्ही टोकांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबांवर नारिंगी गोळे बसवण्यात आले आणि लोकांनी त्यांना मंत्र्याचेच नाव दिले. हे गोळे आरंभी काचेचे होते, आणि त्यांतले पुष्कळसे पोरांनी दगड मारून फोडले. अधिकाऱ्यांनी याला व्रात्यपणा म्हटले, आणि तो तसा असेलही. पण आजपर्यंत जेथे कोठूनही पलीकडे जाता येत होते, तेथे आता याच खांबाशी येऊन जा असे सांगितले गेल्यावर वहिवाटदाराने दाखल केलेली ती एक तोंडी कैफियतच होती, असेही मनात येते.

या पार्श्वभूमीवर जुलै १९३८मध्ये उत्तर लंडनमधील टॉटनहॅम येथे जे घडले, ते मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत रमणीय प्रकरण वाटते. तेथील लॉर्डशिप नावाच्या सार्वजनिक उद्यानात मुलांसाठी एक छोटेखानी नगरच वसवण्यात आले. त्यात खरे रस्ते होते, वळणे होती, चौक होते, आपोआप बदलणारे दिवे होते, पाट्या होत्या, आणि बेलिशा यांचे नारिंगी गोळेसुद्धा होते. तत्कालीन वाहतूकमंत्री लेस्ली बर्गिन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुलांनी आपली सायकल आणावी किंवा तेथील पायांनी चालवायची गाडी भाड्याने घ्यावी आणि त्या नगरात हिंडावे, अशी योजना होती. कोणी चालक होई, कोणी पादचारी. एकाच संध्याकाळी दोन्ही भूमिका वाट्याला येत. ज्याने थोड्या वेळापूर्वी आपल्या इवल्याशा गाडीतून बेदरकारपणे चौक ओलांडला, त्यालाच मग पायउतार होऊन दुसऱ्याच्या बेदरकारपणातून वाट काढावी लागे. 'परकायाप्रवेश' हा आपल्या पुराणांतला प्रकार शिक्षणात कसा वापरावा, याचे इतके सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल. आज ज्याला आपण संवादी किंवा कृतिशील शिक्षण म्हणून मोठ्या अभिनिवेशाने मांडतो, त्याचे बीज या क्रीडांगणात आहे. ते तेथे आजही आहे, आणि पुढे देशोदेशी जी बालवाहतूक-उद्याने निघाली, पुण्या-नाशिकसारख्या आपल्या शहरांतही जी आहेत, ती सगळी याच कुळातली. एक उणीव मात्र जन्मापासूनच या कुळाला चिकटली आहे. त्या नगरात मोठ्यांच्या गाड्या नसतात; म्हणजे मुलाचा खरा तंटा ज्याच्याशी आहे, तो प्रतिवादीच तेथे हजर नसतो.

त्यानंतर वर्षभरातच युद्ध आले आणि त्याने रस्त्यांवर काळोख पसरला. विमानहल्ल्यांच्या भीतीने दिवे झाकले गेले, पेट्रोलवर नियंत्रण आले, गाड्या कमी झाल्या, आणि तरीही १९४१ साली रस्त्यांवर ९,१६९ माणसे दगावली. त्या देशाच्या इतिहासातील कोणत्याही वर्षाचा हा सर्वांत मोठा आकडा आहे. याच काळात, १९४२च्या सुमारास, शाळांतून 'कर्ब ड्रिल' म्हणजे पदपथाच्या कडेची कवायत सुरू झाली. नावाप्रमाणेच ती लष्करी होती. कडेशी येताच 'थांब'चा हुकूम. मग नजर उजवीकडे, नजर डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आणि रस्ता मोकळा असल्यास 'चल' असा अखेरचा हुकूम. घरोघरचे बाप आणि भाऊ सैन्यात असताना मुलांनाही कवायतीची भाषा आपली वाटली असावी. पाठांतरास सोपी, शिक्षकास सोयीची, तपासनिसासमोर पन्नास मुलांकडून एका सुरात म्हणवून घेण्यास देखणी अशी ही कवायत युद्ध संपल्यावरही सुमारे पंचवीस वर्षे टिकली. ज्या गोष्टी तपासनिसास देखण्या दिसतात त्यांचे आयुष्य कोणत्याही शिक्षणखात्यात मोठेच असते.

युद्धोत्तर वर्षांत व्यवस्था भराभर वाढली. ऑक्टोबर १९५१मध्ये स्लाऊ येथे रस्त्यावर रंगवलेले काळे-पांढरे पट्टे, म्हणजे ज्याला आपणही आज झेब्रा म्हणतो ते, रीतसर सुरू झाले. १९५३मध्ये एल्सी मिल्स या बाईंनी टफ्टी नावाची एक खार जन्माला घातली. तिच्या गोष्टींतून चिमुकल्यांना रस्त्याचे नियम सांगितले जाऊ लागले, आणि १९६१ पासून निघालेल्या टफ्टी मंडळांची सभासदसंख्या पुढे वीस लाखांच्या घरात गेली. त्याच १९५३ साली संमत झालेल्या एका कायद्याकडे मात्र इतिहासकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. शाळेपाशी हातात फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या बाया-बाप्यांची नेमणूक बाथ शहरात १९३७ पासून होत होती. या कायद्याने त्यांच्या हातातील फलकाला अधिकार दिला. तो फलक आडवा धरला की कितीही घाईची आणि कितीही मोठ्या साहेबाची गाडी असो, तिने थांबलेच पाहिजे. १८६५च्या तांबड्या निशाणाचे, नव्वद वर्षांनी आणि सकाळ-संध्याकाळच्या दहा-वीस मिनिटांपुरते का होईना, हे पुनरागमन होते.

कवायतीचा फोलपणा मात्र हळूहळू उघडकीस येत होता. मुलांना ती मुखोद्गत होती, पण तोंडाने ती म्हणत म्हणत मूल रस्त्यात उतरे आणि डोळे मात्र काहीच पाहत नसत. मान वळवणे निराळे आणि पाहणे निराळे. सहा-सात वर्षांच्या मुलाचा डावे-उजवे यांतच घोटाळा होतो. आणि येणाऱ्या गाडीचा वेग व अंतर यांचा अदमास घेणे ही तर त्याहून पुढची विद्या. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टीना सांडेल्स यांनी हीच गोष्ट पद्धतशीर निरीक्षणांनी मांडली. त्यांचे १९६८चे पुस्तक मुलांच्या उंचीपासून त्यांच्या श्रवणापर्यंत सगळ्याचा हिशेब घेते आणि या निष्कर्षाला पोहोचते, की लहान मुलास कितीही शिकवले तरी त्याला आजच्या वाहतुकीशी पुरते जुळवून घेता येणार नाही. जुळवून घ्यावयाचे तर ते वाहतुकीनेच घेतले पाहिजे. शिक्षणाच्या अभ्यासकाने शिक्षणाची सीमा इतक्या निःसंकोचपणे सांगावी, हे दुर्मीळ होय. इंग्लंडात १९७०च्या सुमारास कवायत मोडीत निघून तिच्या जागी 'ग्रीन क्रॉस कोड' आला. त्यात हुकमांऐवजी सुरक्षित जागा शोधणे, थांबणे, सभोवार पाहणे व ऐकणे, गाड्या जाऊ देणे आणि चालतानाही पाहत राहणे असा विचाराचा क्रम होता. कवायतीत मूल शिपाई होते. आता निदान कागदावर तरी ते विचारी प्राणी ठरले.

अपघातांचे आकडे पुढे उतरले आणि त्याचे श्रेय शिक्षणाने घेतले. मेयर हिलमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास एक साधा प्रश्न विचारून या श्रेयाला हादरा दिला: मुले आहेत कोठे? १९७१ साली सात-आठ वर्षांची शंभरपैकी ऐंशी मुले एकट्याने शाळेत जात. १९९० साली ही संख्या शंभरात नऊवर आली होती. रस्ते निर्धोक झाले म्हणून मुले वाचली असे म्हणावे, तर रस्त्यावर मुलेच उरली नव्हती. वहिवाटदाराने कब्जा सोडला की तंटा आपोआप निकालात निघतो. त्याला न्याय झाला असे मात्र कोणी म्हणत नाही.

येथवरचा सगळा विचार लहान मुलांभोवती फिरला. परंतु या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित पात्र आहे ते माध्यमिक शाळेतले मूल. इंग्लंडात चालणाऱ्या मुलांच्या अपघातांचा आलेख अकरा-बारा वर्षांच्या वयाशी शिखर गाठतो, म्हणजे नेमका प्राथमिक शाळा सोडून दूरच्या मोठ्या शाळेत जाण्याच्या वेळी. हात धरणारे कोणी नसते, वाट नवी असते, सोबत मित्र असतात, आणि मित्रांसमोर थांबून उजवीकडे-डावीकडे पाहणे हे बाळबोधपणाचे लक्षण ठरते. टफ्टी खार अशा मुलाच्या काय उपयोगाची! धोक्याचे ज्ञान त्याला पुरेपूर असते. परंतु ज्ञान आणि वर्तन यांच्यामध्ये या वयात अभिमान नावाचा एक मोठा चौक लागतो, आणि तेथे दिवे बसवण्याची युक्ती अद्याप कोणास साधलेली नाही.

या वयासाठी अमेरिकेने जो उपाय काढला तो वरवर पाहता अगदी तर्कशुद्ध होता. मूल आज ना उद्या गाडी चालवणारच, तर ते शाळेतच नीट का शिकू नये? पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज या गावच्या हायस्कुलात १९३४ साली एमॉस नेहार्ट या प्राध्यापकांनी गाडी चालवण्याचे वर्ग सुरू केले, आणि पुढील चाळीस वर्षांत ही प्रथा देशभर रुजली. तिची खरी परीक्षा जॉर्जिया संस्थानातील डीकाल्ब परगण्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीस झाली. सोळा हजारांवर विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले गेले. एकास उत्तमातले उत्तम प्रशिक्षण, दुसऱ्यास जेमतेम परवान्यापुरते, तिसऱ्यास शाळेकडून काहीच नाही. निकाल शिक्षकांचे तोंड कडू करणारा लागला. प्रशिक्षित मुलांचा आरंभीच्या काही महिन्यांत थोडाफार फायदा दिसला, पण तो टिकला नाही. उलट शिकलेल्या मुलांनी परवाने लवकर काढले, म्हणजे धोक्याच्या वयात अधिक संख्येने ती रस्त्यावर आली. हात कुशल झाला, आणि कौशल्याने भीड चेपली. पोहायला शिकवलेला मुलगाच खोल डोहात सूर मारतो, हे कृष्णेकाठच्या कोणाही म्हाताऱ्याने पैजेवर सांगितले असते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली, विजेची १९०७ साली आणि मोटारबस १९२६ साली आली, आणि दर वेळी गल्लीतल्या पोरांचा डाव थोडा थोडा आत, वाडीच्या चौकात किंवा चाळीच्या गच्चीवर सरकत गेला. आपल्या मोटार कायद्यांनी अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटार देण्यास सक्त मनाई केली; १९८८च्या कायद्याने सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवण्याची मुभा दिली; आणि २०१९च्या दुरुस्तीने, अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास त्याच्या पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी जबर तरतूद केली. अंमलबजावणीची कहाणी कोणत्याही तालुक्याच्या गावी, सायंकाळी क्लास सुटण्याच्या वेळी, कोपऱ्यावर पाच मिनिटे उभे राहिल्यास दिसते. दहावीतला मुलगा बापाची स्कूटर काढतो, मागे दोघे मित्र बसतात, आणि 'आमचा पोरगा गाडी काय झकास चालवतो' असे तोच बाप चारचौघांत कौतुकाने सांगतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या आकड्याच्या तुलनेत रस्ता-सुरक्षा सप्ताहातले घोषवाक्य-स्पर्धेचे बक्षीस आणि प्रार्थनेनंतर घेतलेली सामुदायिक शपथ यांचे वजन किती भरते? आपल्याकडेही कवायतच चालू आहे. फक्त हुकमांची जागा शपथेने घेतली आहे, इतकेच.

तथापि महाराष्ट्राच्या शाळांपाशी एक जुनी ठेव आहे, आणि तिच्याविषयी बोलल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. महाराष्ट्र छात्रसेना, स्काऊट-गाईड यांच्या बरोबरीने आमच्या माध्यमिक शाळांतून आर.एस.पी. म्हणजे रस्ता सुरक्षा दल हा एक विभाग चालत आला आहे. शिकागोच्या मोटार क्लबाने ज्या कल्पनेला १९२०मध्ये पट्टे पुरवले, तिचेच हे आपल्या मातीतले रूप. पुष्कळ शाळांत तो केवळ गुणपत्रिकेवरचा एक रकाना झाला असेल, वही भरली आणि श्रेणी मिळाली असेही होत असेल. परंतु जेथे तो मनापासून चालतो, तेथे वाहतूक पोलीस शाळेत येतात, मुलांना इशारे शिकवतात, आणि शाळा सुटण्याच्या वेळी नववीतली एखादी मुलगी तोंडात शिटी धरून फाटकासमोर उभी राहते.

या मुलीला त्या दहा मिनिटांत काय शिकावयास मिळते, याचा विचार करावा. टॉटनहॅमच्या क्रीडांगणात जो प्रतिवादी गैरहजर होता, तो येथे कर्णा वाजवीत समोर उभा असतो. बसचा चालक किती अंतरावर ब्रेक दाबतो, दुचाकीवाला तिच्या हाताकडे पाहतो की पाहिल्यासारखे करून निसटतो, पावसात कोणाची गाडी घसरते, कोणत्या वळणावर झाडाच्या फांदीने पाटी झाकली आहे, हे सगळे तिला फळ्यावरून शिकवावे लागत नाही. ती आता नियम पाळणारीही आहे आणि पाळावयास लावणारीही. आणि ज्याने दुसऱ्यास थांबवण्याचा अवघड भार एकदा खांद्यावर घेतला, त्याला पुढे स्वतः थांबताना कमीपणा वाटत नाही. अभिमानाच्या त्या चौकात दिवे बसवण्याची काही युक्ती असलीच तर ती एवढीच असावी. याच मुलांच्या हाती वही-पेन्सिल देऊन शाळेसमोरील रस्त्याचा रीतसर पंचनामा करवून घ्यावा, तासाला किती गाड्या, त्यांतल्या थांबल्या किती, खड्डे कोठे, दिवा कोठे हवा ते लिहून घ्यावे, आणि तो अर्ज त्यांच्याच सह्यांनी नगरपालिकेच्या आवक बारनिशीत दाखल करावा. म्हणजे नागरिकशास्त्राचे निम्मे पुस्तक वाचण्याचे श्रम वाचतील.

कायद्याच्या पुस्तकात त्या मुलीच्या आडव्या हाताची किंमत काय ठरेल ती ठरो. मी पाहिले आहे ते इतके, की सायंकाळी साडेपाचला तो हात वर जातो, खडी भरलेला डंपर फुरफुरत थांबतो, आणि पाचवी-सहावीची पोरे दप्तरे हिंदकळवीत, गप्पा मारीत, कोणाकडेही न पाहता, रमतगमत पलीकडे जातात. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी जसा रस्ता ओलांडला असेल अगदी तसा. मग हात खाली येतो, आणि वहिवाट पुन्हा बंद होते.